उद्यानातील तंबाखूबंदी : कायदा काय सांगतो आणि अंमलबजावणी कुठे अडते

महापालिकेच्या उद्यानात सिगारेट ओढणे हा गुन्हा आहे का? आपल्यापैकी बहुतेक कार्यकर्ते या प्रश्नाला लगेच 'हो' म्हणतील. उत्तर 'हो'च आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला कायद्यात बराच वळसा घ्यावा लागतो आणि अंमलबजावणीची अर्धी अडचण त्या वळशातच आहे. दुसरा प्रश्न असा, की त्याच उद्यानातल्या बाकावर बसून तळहातावर तंबाखू मळून खाल्ली तर? त्याचे उत्तर केंद्रीय कायद्यापुरते 'नाही' असे आहे. नाशिकमध्ये विहाराशेजारच्या बागेत, जॉगिंग ट्रॅकवर किंवा त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याच्या परिसरात या विषयावर काम करू पाहणाऱ्या तरुणांना हे दोन्ही मुद्दे नीट माहीत असायला हवेत. नाहीतर पहिल्याच वादात समोरचा माणूस "कायदा दाखवा" म्हणतो आणि आपल्याला गप्प बसावे लागते.

सार्वजनिक ठिकाण म्हणजे कोणते?

या विषयातला मुख्य कायदा २००३ चा आहे. त्याचे नाव लांबलचक असल्याने सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात. तो १ मे २००४ पासून लागू झाला. त्याआधी २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली होती. देवरा मुंबईचे, म्हणजे या लढाईची एक मोठी पायरी महाराष्ट्रातल्या माणसाने चढलेली आहे. पण त्या आदेशातली यादी पाहिली तर तीत सभागृहे, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, बस आणि रेल्वे आहेत. उद्याने नाहीत. न्यायालयापुढचा मुख्य प्रश्न बंदिस्त जागेत इतरांच्या नाकात जाणाऱ्या धुराचा होता.

कोटपाच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करता येत नाही. सार्वजनिक ठिकाण कशाला म्हणायचे ते कलम ३ सांगते : जिथे लोकांना जाता येते अशी कोणतीही जागा. मात्र या व्याख्येच्या शेवटी एक शेपूट आहे, की 'मोकळी जागा' त्यात येत नाही. आता उद्यान म्हणजे मोकळीच जागा! हा घोळ काही अंशी २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी सोडवला. खुले प्रेक्षागृह, क्रीडांगण, रेल्वे स्थानक, बस थांबा 'आणि अशी इतर ठिकाणे' जिथे लोकांची ये-जा असते, त्यांना मोकळी जागा समजायचे नाही, असे नियमांत आहे.

बारकाईने वाचले तर इथेही उद्यानाचे नाव नाही. ते 'अशी इतर ठिकाणे' या शब्दांत बसवावे लागते. माझ्या मते ते सहज बसते. उद्यानाला कुंपण असते, फाटक असते, उघडण्या-मिटण्याची वेळ असते, देखभाल करणारा विभाग असतो आणि लोक तिथे ठरवून येतात. बस थांब्याला यातले निम्मेही नसते, तरी तो नियमात आहे. पण हीच कसोटी गोदाकाठच्या घाटाला लावा, किंवा चारी बाजूंनी उघड्या असलेल्या एखाद्या कॉलनीतल्या मैदानाला लावा, म्हणजे वाद सुरू होतो. म्हणून महापालिकेने आपल्या ताब्यातल्या उद्यानांची, मैदानांची आणि ट्रॅकची नावे लिहून 'ही सार्वजनिक ठिकाणे आहेत' असा स्वतःचा लेखी आदेश काढणे हे पहिले काम ठरते. फाटकावर नुसते 'धूम्रपान करू नये' रंगवून ते होत नाही.

धूर थोडा, थुंकी जास्त

आता दुसरा आणि मोठा मुद्दा. कोटपाचे कलम ४ फक्त धूम्रपानाबद्दल बोलते. सिगारेट, विडी, चिलीम, हुक्का हे सगळे त्यात आले. तंबाखू-चुना, मावा, खर्रा, गुटखा, मिसरी यांचा त्यात उल्लेख नाही.

महाराष्ट्रात हा फरक किती महत्त्वाचा आहे ते आकडेच सांगतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. देशभराचे धूम्रपानाचे प्रमाण १०.७ टक्के होते, म्हणजे आपले राज्य ओढण्यात मागे आणि चघळण्यात पुढे. या आकड्यांसमोर 'धूम्रपान निषिद्ध' ही पाटी ठेवून पाहा. ती पाटी शंभर टक्के पाळली गेली, तरी तंबाखू वापरणाऱ्या बहुसंख्यांना ती लागूच होत नाही.

मग गुटखाबंदीचे काय? तिची कहाणी वेगळी आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गोदावत पानमसाला खटल्यात रद्द ठरवली. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांनी कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायला मनाई केली. त्या आधारावर राज्याने जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आणली, २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, मावा, खर्रा यांनाही तीत घेतले आणि ती वर्षावर्षाने वाढवत नेली. मात्र ही बंदी बनवणे, साठवणे, वाहतूक आणि विक्री यांवर आहे. उद्यानात बसून खाणाऱ्यावर नाही. शिवाय साधी, वास नसलेली पानाची तंबाखू या बंदीच्या बाहेरच आहे. पुडी वेगळी, चुना वेगळा. मळणारा माणूस कोणताच कायदा मोडत नाही.

तो कायदा मोडतो ते थुंकल्यावर. थुंकण्याविरुद्ध पोलीस कायद्यातल्या आणि महापालिकेच्या स्वच्छतेच्या तरतुदी आहेत. पण थुंकणारा त्या क्षणी दिसला पाहिजे आणि पाहणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार असला पाहिजे. पिचकारी मारायला एक सेकंद लागतो. भिंतीवरचा डाग नंतर कोणाचा म्हणून सिद्ध करणार?

धूर, चघळणे आणि थुंकणे या तिन्हींना महाराष्ट्राने एकाच ओळीत बसवले ते करोनाच्या काळात. मे २०२० अखेरच्या राज्य सरकारच्या निर्णयानुसार सार्वजनिक ठिकाणी थुंकणे, धूम्रपान करणे किंवा तंबाखू खाणे यासाठी पहिल्यांदा १,००० रुपये दंड आणि एक दिवस सार्वजनिक सेवा, दुसऱ्यांदा ३,००० रुपये आणि तीन दिवस, त्यापुढे ५,००० रुपये आणि पाच दिवस अशी शिक्षा ठरली. साथ ओसरली तसा तो कडकपणाही ओसरला. पण सरकारला असे करता येते, हे त्यातून दिसले. साथीच्या भीतीवर उभा असलेला उपाय कायमच्या कायद्यात आणायचा राहिला, एवढेच. शेजारच्या कर्नाटकाने मात्र कोटपात राज्यापुरती दुरुस्ती करून ती २०२५ मध्ये अमलात आणली. तीत दंड २०० वरून १,००० रुपयांवर नेला, विक्रीसाठी वय १८ वरून २१ केले आणि सार्वजनिक ठिकाणच्या तंबाखूच्या थुंकीलाही हात घातला. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये कोटपात स्वतःची दुरुस्ती केली आहे, पण ती हुक्का पार्लरपुरती. त्यामुळे "राज्याला अधिकार नाही" हे उत्तर कोणी दिले तर ते खरे नाही.

दंड करायचा कोणी?

कागदावर कायदा आहे असे धरून चालू. सकाळी सात वाजता, लहान मुलांच्या घसरगुंडीशेजारी कोणी सिगारेट पेटवली. त्याला कोण थांबवणार?

२००८ च्या नियमांच्या परिशिष्टात दंड आकारण्याचा अधिकार कोणाला, याची यादी आहे. उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाचे पोलीस अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक, आपापल्या संस्थेत मुख्याध्यापक, शिक्षक, टपाल कार्यालयात पोस्टमास्तर असे लोक तीत येतात. उद्यानातला माळी तीत नाही. फाटकावर बसणारा ठेकेदाराचा सुरक्षारक्षकही नाही. म्हणजे जो माणूस दिवसभर जागेवर असतो त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे तो उद्यानात नसतो. पोलीस उपनिरीक्षकाने खून-चोऱ्यांचे तपास सोडून बागेत विड्या शोधत फिरावे, अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही.

रक्षकाची बाजूही समजून घ्या. कंत्राटी नोकरी, तुटपुंजा पगार, हातात एक शिट्टी. समोर कॉलनीतला वजनदार माणूस किंवा चार टवाळ पोरे. त्याने टोकले आणि उद्या तक्रार गेली, तर नोकरी त्याची जाते. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आणि बापमाणसे हीच नोकरी करतात. अधिकारपत्र आणि पावतीपुस्तक न देता "तुम्ही लक्ष ठेवा" असे त्यांना सांगणे म्हणजे जबाबदारी वरून खाली ढकलणे आहे.

ही जबाबदारी वर ढकलण्याची सोय नियमांतच आहे, फक्त ती कोणी वापरत नाही. सार्वजनिक ठिकाणाचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी याने तिथे धूम्रपान होणार नाही हे पाहायचे आहे. प्रवेशद्वारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची, पांढऱ्या पार्श्वभूमीची ठरावीक पाटी लावायची आहे. तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव ठळकपणे लिहायचे आहे. आणि तक्रार येऊनही त्याने काही केले नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्या प्रभारीला होऊ शकतो. आपल्या भागातल्या उद्यानाच्या पाटीवर असे नाव आहे का, ते आजच जाऊन पाहण्यासारखे आहे. नावाशिवाय पाटी म्हणजे नुसता रंगाचा खर्च.

दंडाची रक्कम हाही विनोदच झाला आहे. २००३ मध्ये ठरलेले 'दोनशे रुपयांपर्यंत' आज दोन दशकांनंतरही तेवढेच आहे. केंद्राने २०२० च्या अखेरीस दंड २,००० रुपये करणारा आणि सुट्या विक्रीवर बंदी आणणारा दुरुस्तीचा मसुदा काढला होता, तो मसुदाच राहिला. पण मी दंड वाढवण्याच्या मागणीला पहिला क्रमांक देणार नाही. दोनशेची पावती नियमितपणे फाडली गेली तर तिचा वचक पाच हजारांच्या न फाडलेल्या पावतीपेक्षा जास्त असतो.

फाटकाबाहेरची टपरी

कोटपाच्या कलम ६ नुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि १८ वर्षांखालील मुलाला कुठेच विकता येत नाही. उद्यानासाठी असे अंतर कायद्यात नाही. त्यामुळे उद्यानाच्या फाटकाला खेटून टपरी असू शकते आणि ती कायदेशीर असू शकते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. पाकीट घ्यावे लागले तर तरुण मुलगा दोनदा विचार करतो, शिवाय पाकिटावरचे ८५ टक्के जागा व्यापणारे चित्र त्याच्या नजरेसमोर येते, हा त्यामागचा विचार. तो चांगला होता. टपरीवर जाऊन एक सिगारेट मागा म्हणजे त्याचे काय झाले ते कळेल.

टपरीवाल्याला खलनायक करून भागणार नाही. हातावर पोट असलेला माणूस आहे तो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना सुचवले होते, की तंबाखू विक्रीला स्थानिक संस्थेचा वेगळा परवाना असावा आणि त्या दुकानात चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स विकू नयेत. महापालिकेने उद्यानांच्या फाटकाजवळच्या फेरीवाल्यांना तंबाखू सोडून चहा, फळे, नाश्ता यांसाठी जागा आणि परवाना प्राधान्याने दिला, तर टपरीही टिकेल आणि फाटकही मोकळे होईल. विक्री रोखल्याशिवाय वापर रोखण्याचा प्रयत्न म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे.

पकडला कोण जातो?

आपल्या वाचकांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अशा मोहिमा निघाल्या की पावती कोणाच्या नावाने फाटते? झाडाखाली डबा खाऊन विडी ओढणारा बांधकाम मजूर, सफाई कामगार, रिक्षावाला सहज सापडतो. गाडीत काच वर करून बसलेला सापडत नाही. त्यातून मिळणारे आरोग्य सर्वांचे आणि भरलेला दंड मात्र गरिबांचा, असे होऊ द्यायचे नसेल तर दंडाची प्रभागवार, उद्यानवार माहिती महापालिकेने जाहीर करावी, अशी मागणी मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून हवी.

तंबाखूशी आपल्या समाजाचे नाते फक्त व्यसनाचे नाही, श्रमाचेही आहे. नाशिक जिल्ह्यातले सिन्नर हे एकेकाळी विडी उद्योगाचे मोठे केंद्र होते. तिकडे कामठी-नागपूरकडे ज्या बाबू हरदास एल. एन. यांच्याकडे 'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय जाते, त्यांनी विडी कामगारांना संघटित केले होते. १९३९ मध्ये, ऐन पस्तिशीत, क्षयाने त्यांचे निधन झाले. विड्या वळणाऱ्या बायांच्या बोटांची आणि फुप्फुसांची किंमत आपल्या चळवळीला फार आधीपासून माहीत आहे. त्यामुळे तंबाखूविरोध आणि कामगारविरोध यांत गल्लत करणारी भाषा निदान आपल्या तोंडी नको.

पाचव्या शीलाचा आधार घेऊन काही उपासक तंबाखूबंदीचा प्रचार करतात. विहारात तो जरूर करावा. उद्यानात मात्र सगळ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही लोक येतात, तिथे मुद्दा कायद्याचा आणि सार्वजनिक जागेवरच्या सर्वांच्या हक्काचा ठेवावा.

सार्वजनिक जागा आणि कागदावरचा ठराव यांचा अनुभव आपल्याइतका कोणाला असेल? सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्य मानलेला एकही माणूस त्या पाण्यापर्यंत उघडपणे जाऊ शकला नाही. बागेतल्या सिगारेटची त्या लढ्याशी बरोबरी होणार नाही. पण ठराव आणि अंमल यांच्यातले अंतर किती असते आणि ते कोणी कापायचे असते, हे समजायला महाडइतके चांगले उदाहरण नाही.

बाहेर काय झाले?

न्यूयॉर्क शहराने मे २०११ पासून उद्याने आणि समुद्रकिनाऱ्यांवर धूम्रपानबंदी केली. दंड ५० डॉलर आणि अंमलाचे काम पोलिसांकडे न देता उद्यान खात्याकडे. पोलिसांना या छोट्या गुन्ह्यात ओढले की त्याचा मार गरीब आणि काळ्या तरुणांवर पडतो, ही भीती तिथल्या लोकांना होतीच. सिंगापूरने जुलै २०२२ पासून सार्वजनिक उद्याने बंदीखाली आणली, फ्रान्सने २०२५ च्या उन्हाळ्यात. आपल्याकडे चंडीगडने २००७ मध्येच धूम्रपानमुक्त शहर म्हणून नाव मिळवले, त्यात नागरिकांच्या पाठपुराव्याचा मोठा वाटा होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. उघड्यावर धूर लवकर विरतो, बंद खोलीतल्या इतका तो शेजाऱ्याला घातक नसतो. उद्यानबंदीचे खरे कारण वेगळे आहे. मुले तिथे मोठ्यांना पाहून शिकतात. सिगारेटच्या थोटकातला फिल्टर कापसासारखा दिसला तरी ते सेल्युलोज ॲसिटेट नावाचे प्लॅस्टिक असते, मातीत वर्षानुवर्षे राहते आणि रांगणारे मूल ते उचलून तोंडात घालू शकते. आणि खुल्या व्यायामशाळेच्या दांड्याशेजारी थुंकीचा थर असेल तर बायका आणि म्हातारी माणसे तिकडे फिरकत नाहीत, जागा आपोआप टोळक्याची होते.

नाशिकमध्ये काय करता येईल?

महापालिका कायद्याच्या कलम ४५८ खाली महापालिकेला उपविधी करता येतात, त्यांना राज्य सरकारची मंजुरी लागते. उद्यानांत सर्व प्रकारच्या तंबाखूच्या सेवनाला आणि थुंकण्याला मनाई करणारा उपविधी हा लांबचा पण टिकाऊ रस्ता आहे. मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात असा आग्रह कोणाकडे धरायचा हेच लोकांना कळत नव्हते. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात कोट्यवधींची कामे निघालेली असताना ही मागणी जोर धरू शकते.

तोवर स्वतःच्या अंगणापासून सुरुवात होते. विहाराचे आवार, पुतळ्याभोवतीची बाग, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे स्वयंसेवक, ६ डिसेंबरच्या अभिवादनाची रांग. इथे तंबाखू नसेल तरच आपल्याला दुसऱ्याला सांगता येईल. ज्याला सोडायचे आहे त्याच्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे. टोकताना त्याला हा क्रमांक देणे अपमान करण्यापेक्षा उपयोगी पडते. स्वयंसेवकांनी स्वतः दंड वसूल करू नये, तो गुन्हा ठरेल. लोकांचे चेहरे टिपून समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

आणि माहितीचा अधिकार वापरा. उद्यान विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा, की अमुक उद्यानाचा कोटपाखालील प्रभारी कोण, त्याच्या नावाची पाटी कोणत्या तारखेला लावली, दंड आकारण्यासाठी कोणाला अधिकार दिला, गेल्या तीन वर्षांत किती पावत्या फाडल्या आणि किती रक्कम जमा झाली. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे टपऱ्यांबद्दल विचारायचे असेल तर अर्ज वेगळा करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा 'माहिती उपलब्ध नाही' असे आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.